वर्गणी भरता, तर शेजाऱ्याची बातमीही मागा

एडिसन, पिस्कॅटवे, जर्सी सिटीतल्या मराठी मंडळींनो,

१८६७ पासून निघणारा 'जर्सी जर्नल' फेब्रुवारी २०२५ मध्ये बंद पडला. त्याच सुमारास 'स्टार-लेजर' दैनिकाची छपाईही थांबली. आता गावोगावच्या बातम्या देणारी जी छोटी संकेतस्थळं धडपडताहेत, त्यांना वर्गणीदार हवेत. म्हणजे आपणच. त्यामुळे बोलायचं तर आत्ताच. नाहीतर तिथेही जुनीच रीत चालू राहील: लॅटिनो शेजारी बातमीत येणार तो धरपकड झाली, नाहीतर कुणी दगावलं, तरच.

२६ मार्च २०२४ च्या रात्री 'डाली' जहाज आदळून बाल्टिमोरचा पूल पडला, तेव्हा त्या जहाजावरचे बहुतेक खलाशी भारतीय आहेत आणि सुखरूप आहेत, हे आपण लगेच एकमेकांना कळवलं. पुलावर खड्डे बुजवणारे सहा कामगार त्या रात्री गेले. मेक्सिको, ग्वाटेमाला, होंडुरास आणि एल साल्वादोरहून आलेली माणसं. पोलिसांनी वाहतूक वेळेत अडवली, पण या कामगारांपर्यंत निरोप पोचलाच नाही. रात्रपाळीच्या अशा कामातला धोका पूल पडण्याआधी कुणी छापला होता का?

आपल्याच न्यू जर्सीत दर पाच माणसांमागे एक लॅटिनो आहे. एडिसनजवळच्या पर्थ अँबॉयमध्ये तर तेच बहुसंख्य. पहाटे न्यू ब्रन्सविकमध्ये तात्पुरते कामगार पुरवणाऱ्या टेंप एजन्सीच्या व्हॅन माणसं भरून वेअरहाऊसकडे निघतात. त्या प्रवासाचे पैसे पगारातून कापायला २०२३ च्या राज्य कायद्याने बंदी घातली आणि पगाराचा तपशील कामगाराला त्याच्या भाषेत द्यायला लावला. कायदा झाला ती बातमी झाली. तो पाळला जातो का, हे व्हॅनजवळ उभं राहून स्पॅनिशमध्ये विचारणारा बातमीदार हवा. (आपण घरपोच मागवतो ती खोकी अशाच वेअरहाऊसमधून येतात.)

'आपल्याला काय त्याचं?' असं म्हणू नका. आपलीही बातमी दिवाळीच्या फोटोपुढे क्वचितच जाते.

तेव्हा याच आठवड्यात, ज्या स्थानिक माध्यमाची वर्गणी भरता त्याच्या संपादकाला लिहा. स्पॅनिश बोलणारा पूर्णवेळ बातमीदार कधी नेमणार, विचारा. पूर, शाळा, घरभाडं यांच्या बातम्या इंग्रजीबरोबरच स्पॅनिशमध्ये मागा, आणि त्याही माणसाच्या नजरेखालून गेलेल्या. नुसत्या यंत्राने भाषांतर केलेल्या नकोत. स्थानिक बातम्यांसाठी राज्य सरकारचा पैसा देण्याची सोय २०१८ च्या कायद्याने केली. तो आपल्या कराचा आहे, हेही सुनवा.

वर्गणी मात्र रागाने बंद करू नका. तिच्याच जोरावर मागायचं आहे. सहीखाली गावाचं नाव आणि 'वर्गणीदार' असं ठळक लिहा. संपादकाचं लक्ष आधी तिथेच जातं.