मोडके कुलूप

जून २०१७च्या शेवटी न्हावा-शेवा बंदरातल्या एका टर्मिनलचे संगणक बंद पडले. कंटेनरची कामे हाताने करायची वेळ आली. गंमत म्हणजे हा हल्ला आपल्यावर नव्हताच! युक्रेनमधल्या हिशेबाच्या एका सॉफ्टवेअरच्या अपडेटमधून ‘नॉटपेट्या’ व्हायरस सोडला गेला. पुढे अमेरिका-ब्रिटनने रशियन लष्करावर ठपका ठेवला. तो मर्स्क या डॅनिश जहाज कंपनीत शिरला आणि न्हावा-शेव्याचे टर्मिनल तिच्याच गटाचे निघाले.

मला चीड येते ती वेगळ्याच गोष्टीची. विंडोजमधल्या ज्या त्रुटीतून तो पसरला, ती अमेरिकेच्या एनएसएला आधीपासून ठाऊक होती. हेरगिरीला उपयोगी म्हणून त्यांनी ती झाकून ठेवली. मग त्यांचे हत्यार चोरीला गेले आणि एप्रिल २०१७ मध्ये जगजाहीर झाले. लष्कराला शस्त्रे लागतात, मान्य. पण बंदूक शस्त्रागारात राहते. हे शस्त्र म्हणजे सगळ्यांच्या दारावरचे एकच मोडके कुलूप. शत्रूच्या कार्यालयात तेच, आपल्या जिल्हा बँकेत, दवाखान्यातही तेच. म्हणून सापडलेली त्रुटी लपवायची की कंपनीला कळवायची, हे एकट्या लष्कराने ठरवू नये. बँका, रुग्णालये सांभाळणारी नागरी खातीही त्या निर्णयात हवीत.

मायक्रोसॉफ्टची दुरुस्ती मार्चमध्येच आली होती. अनेकांनी ती बसवली नाही. (मोबाइलवर अपडेटची सूचना आली की मीही ‘नंतर’ दाबतो, तेव्हा फार बोलण्याचा अधिकार मला नाही.) पण व्यवसायांनी हे काम आयटीवाल्या पोरांवर ढकलू नये. त्यासाठी यंत्रे काही तास बंद ठेवावी लागतात आणि ती परवानगी मालकच देऊ शकतो.

मर्स्कने मात्र एक चांगले केले. लपवाछपवी न करता पंचवीस-तीस कोटी डॉलरचा फटका जाहीर केला. आपल्याकडे २०२२ पासून सहा तासांत सर्ट-इनला कळवणे बंधनकारक आहे. त्या आदेशात ग्राहकाला सांगायची सक्ती कुठेच नाही. खाते ज्याचे, त्यालाच शेवटी कळणार का?

मर्स्कच्या नेटवर्कची किल्ली असलेल्या सर्व्हरची एकच शाबूत प्रत उरली होती, घानामध्ये. हल्ल्याच्या वेळी तिथली वीज गेली होती म्हणून ती वाचली.