पी.सी. हँग होतोय? फॉरमॅट मार!

आपल्या हॉस्टेलमध्ये पी.सी.च्या प्रत्येक दुखण्यावर एकच औषध आहे. स्लो झाला, फॉरमॅट मार. व्हायरस आला, फॉरमॅट मार. हँग होतोय? मग काय विचारता! मीही याच पंथातला. गेल्या सेमला माझा असेम्बल्ड पी.सी. तीनदा फॉरमॅट झाला आणि तिसऱ्या खेपेला आमच्या मिनी प्रोजेक्टची सहा आठवड्यांची रीडिंग्ज घेऊन गेला. तेव्हापासून या विषयावर माझं डोकं फिरलेलं आहे, म्हणून हा लेख.

झालं असं, की पी.सी. चालता चालता जागच्या जागी थिजायचा. माउस हलेना, गाणं एकाच सुरावर अडकलेलं, कॅप्स लॉक दाबलं तर कीबोर्डवरचा दिवासुद्धा पेटत नसे. पॉवरचं बटण दाबून धरायचं, एवढाच उपाय. कोपऱ्यावरच्या रिपेअरवाल्याने पाहिलं आणि म्हणाला, "भाऊ, विंडोज करप्ट झालंय. पाचशे रुपये." दोनदा केलं. दर वेळी आठवडाभर बरं, मग पुन्हा तेच. तिसऱ्यांदा त्याने 'मुळापासून साफ करतो' म्हणून सगळी पार्टिशन्स उडवली. रीडिंग्ज डी ड्राइव्हला होती. बॅकअप नव्हता, हा गुन्हा माझाच. पण व्हायव्हाला ग्राफशिवाय माझे दोन पार्टनरही उभे होते, त्यांचा काय गुन्हा? त्यातला एक नंतर आठवडाभर मेसमध्ये माझ्या टेबलावर बसला नाही.

आणि एवढं होऊनही पी.सी. हँग होतोच आहे!

मग मात्र राग आला, आणि पहिल्यांदा डोकं वापरलं. हार्ड डिस्कची केबल काढली आणि पेन ड्राइव्हवरून उबुंटू चालवलं. तासाभरात तेही थिजलं. म्हणजे विंडोज निर्दोष, डिस्कही निर्दोष. इतकी सोपी परीक्षा, पण तीन फॉरमॅटच्या आधी ती कुणालाच सुचली नव्हती. नंतर रॅमच्या पट्ट्या काढून खोडरबरने घासल्या (हा आपला राष्ट्रीय उपाय). दोन दिवस मशीन मस्त चाललं, मी स्वतःला तज्ज्ञ समजू लागलो. तिसऱ्या दिवशी हँग. शेवटी मेमटेस्ट८६+ रात्रभर लावून झोपलो. सकाळी स्क्रीनवर लाल ओळी! एकेक पट्टी वेगळी लावून पाहिली, मग स्लॉट बदलून पाहिली. लाल ओळी एकाच पट्टीच्या मागे फिरत होत्या, स्लॉट कुठलाही असो. ती पट्टी वॉरंटीत फुकट बदलून मिळाली. फॉरमॅटचे दीड हजार गेले ते गेलेच.

आता गंमत बघा. रिपेअरवाला खोटं बोलत नव्हता. विंडोजच्या फाइल्स खरंच खराब होत असणार. पण इन्स्टॉल करताना प्रत्येक फाइल आधी रॅममधून जाते, त्यामुळे नवं कोरं विंडोजही त्याच गळक्या भांड्यातून ओतलं जात होतं. सर्व्हरच्या ई.सी.सी. मेमरीत ६४ बिटांमागे तपासणीचे ८ बिट असतात, एखादा बिट उलटला तर तिथेच दुरुस्त होतो. आपल्या घरगुती पी.सी.त हा पहारेकरी सहसा नसतो. इव्हेंट व्ह्यूअरमध्ये 'कर्नल पॉवर ४१' दिसलं की लोक त्याच्या मागे लागतात. ते एवढंच सांगतं, की मशीन नीट बंद न होता पुन्हा सुरू झालं. ते बटण तर मीच दाबलेलं!

कुणी म्हणेल, फॉरमॅटने पी.सी. बरा होतो की. होतो, ड्रायव्हरचा वगैरे घोळ असला तर होतो. पण काय बिघडलं होतं ते कधीच कळत नाही, कारण पुरावा आपणच जाळलेला असतो. फर्स्ट इयरला ओहमच्या नियमाच्या प्रयोगात व्होल्टेज आणि रेझिस्टन्स एकदमच बदलले असते, तर सरांनी जर्नल तोंडावर फेकलं असतं. मग स्वतःच्या मशीनवर सगळंच एकदम बदलताना आपल्याला काहीच कसं वाटत नाही?

आमच्या लॅबमध्ये चार पी.सी.वर 'नादुरुस्त' असा कागद चिकटवलाय. मेंटेनन्सवाला येतो, फॉरमॅट मारतो, सही घेऊन जातो, पुढच्या महिन्यात कागद पुन्हा हजर. माझी सरांना विनंती आहे, त्यातला एक सेकंड इयरच्या पोरांच्या हवाली करा. शेजारी एक वही ठेवा. कधी हँग झाला, तेव्हा काय चालू होतं, कुठली एक गोष्ट बदलली, मग काय झालं, एवढं त्यात लिहायचं. पेन ड्राइव्ह मी देतो. खोडरबरसुद्धा.