३० सप्टेंबरच्या आत शाळेत या

रेवसपासून हरिहरेश्वरपर्यंतच्या किनाऱ्यावरच्या आयांनो, बाबांनो, आजी-आजोबांनो, हे आवाहन तुम्हाला आहे. तुमचं मूल गावातल्या जिल्हा परिषदेच्या शाळेत जात असेल तर वाचा. व्हॅनमध्ये बसून दूरच्या इंग्रजी शाळेत जात असेल तर जरूर वाचा. घरात लहान मूलच नसेल तरीही वाचा, कारण शाळा गावाची आहे आणि गाव तुमचं आहे.

लावणी आटोपली. होड्या पुन्हा दर्यात निघायच्या तयारीत आहेत. आता नारळी पौर्णिमा, गोकुळाष्टमी, मग गणपती. दिवस कसे जातील कळणार नाही. आणि या सगळ्या गडबडीत ३० सप्टेंबर ही तारीख हातातून निसटेल.

काय आहे त्या तारखेला? त्या दिवशी शाळेच्या पटावर जेवढी मुलं असतात, तेवढ्यांचा हिशेब धरून शाळेला शिक्षकांची पदं मंजूर होतात. याला संचमान्यता म्हणतात. पट घसरला की एक शिक्षक कमी होतो. आणखी घसरला की शाळाच ‘कमी पटाची’ ठरते. एकदा का तो शिक्का बसला, की तुमच्या शाळेचं नाव दर वर्षी कुठल्या ना कुठल्या यादीत येत राहतं.

ही नुसती भीती नाही. २०१७ साली दहा किंवा त्याहून कमी मुलांच्या १,३१४ शाळा बंद करून मुलं जवळच्या शाळांत पाठवण्याचा निर्णय राज्यात जाहीर झाला होता. २०२३ मध्ये वीसपेक्षा कमी पटाच्या शाळा मोजल्या गेल्या. त्या निघाल्या १४,७८३. त्यांत शिकणारी मुलं होती १ लाख ८५ हजारांच्या वर. त्यांच्यासाठी ‘समूह शाळा’ काढायचा विचार पुढे आला. म्हणजे चार वाड्यांच्या शाळा मिटवून एका जागी मोठी शाळा. सरकारी निर्णय येतात, मागे घेतले जातात, नव्या रूपात परत येतात. पण कात्री फिरते ती नेहमी कमी पटावरूनच.

तेव्हा पहिलं काम हे करा. उद्या सकाळी शाळेत जा. आपल्या मुलाचं नाव पटावर बरोबर आहे का, विचारा. त्याचं आधार जुळलं आहे का, विचारा. मुलाचं नाव, जन्मतारीख, मुलगा की मुलगी ही नोंद, या तीन गोष्टी शाळेत आणि आधारवर सारख्या असाव्या लागतात. एका जागी ‘साईश’ आणि दुसऱ्या जागी ‘सायेश’ असलं की नोंद अडते. वर्गात रोज हसणारं-बागडणारं पोर संगणकाच्या लेखी नसल्यासारखं होतं. दुरुस्ती आधार केंद्रावर होते. जन्मदाखला ग्रामपंचायतीत मिळतो. पाच वर्षं पूर्ण झालेल्या मुलाचे बोटांचे ठसे आणि डोळ्यांची नोंद पहिल्यांदा द्यावी लागते. पाच ते सात या वयात ती फुकट होते. गणपतीच्या आधी हे उरकून टाका. नंतर केंद्रावर रांगा लागतील.

आणि कागद अपुरे आहेत म्हणून मुलाला घरी बसवू नका. वयाचा दाखला नाही या कारणावरून कुठल्याही मुलाला प्रवेश नाकारता येत नाही, असं शिक्षण हक्काचा कायदा सांगतो. आधी मूल शाळेत पाठवा. कागद मागून आणा.

शिक्षक कमी झाला तर काय होतं, ते एकदा डोळ्यांसमोर आणा. एक गुरुजी आणि पहिली ते पाचवी असे पाच वर्ग. पहिलीच्या पोरांना अक्षर गिरवायला द्यायचं, तोवर चौथीवाले भागाकारात अडकलेले. त्यातच खिचडीचा हिशेब, ऑनलाइन माहिती, केंद्रावरची बैठक. गुरुजी बैठकीला गेले की त्या दिवशी शाळा कोण चालवणार? कायदा म्हणतो, साठ मुलांपर्यंत दोन शिक्षक असावेत. दोन म्हणजे निदान एक वर्गात राहतो. तो दुसरा शिक्षक टिकवणं पुष्कळदा चार-पाच मुलांवर येऊन ठेपतं. त्या चार-पाचांत तुमचं एक असेल.

आता व्हॅनची गोष्ट. तुम्ही मुलाला इंग्रजी शाळेत घातलंत, त्याबद्दल तुम्हाला कोणी बोल लावणार नाही. पोटाला चिमटा घेऊन फी भरणारे आईबाप आम्ही रोज पाहतो. आपल्यासारखं पोराने इंग्रजीला घाबरू नये, एवढीच तुमची इच्छा. ती चुकीची कशी म्हणायची? पण एक गोष्ट तुमच्यापर्यंत पोहोचलीच नसेल, म्हणून सांगतो. २००० सालापासून राज्यातल्या मराठी शाळांतही पहिलीपासून इंग्रजी शिकवतात. आणि जिल्हा परिषदेच्या कितीतरी शाळांत आता सेमी इंग्रजी आहे. गणित इंग्रजीतून, बाकीचे विषय मराठीतून. मूल ‘ट्रँगल’ही शिकतं आणि त्रिकोणही. फी नाही. पुस्तकं मोफत. दुपारचं जेवण शाळेत, रोज शंभर ग्रॅम तांदूळ, त्यावर डाळ-भाजी. आणि शाळा घरापासून हाकेच्या अंतरावर.

एकदा येऊन वर्ग बघा. मागच्या बाकावर बसा. मूल काय बोलतं, किती बोलतं, ऐका. मग ठरवा. दुसऱ्या शाळेतून सरकारी शाळेत येण्याचा मुलाला हक्क आहे, वर्ष मध्यावर असलं तरी. दाखला यायला उशीर झाला म्हणून प्रवेश अडवता येत नाही. आणि गावच्या शाळेत अजून सेमी नसेल, तर मागा. शाळा व्यवस्थापन समितीच्या बैठकीत ठराव मांडा. या समितीत तीन चतुर्थांश पालक असतात आणि निम्म्या जागा बायकांच्या असतात. म्हणजे बहुमत तुमचंच. ते वापरा. ताईंनो, सहीपुरत्या जाऊ नका. बोला. शिक्षक किती, वर्ग किती, छप्पर गळतंय का, मुलींचं स्वच्छतागृह चालू आहे का, हे विचारा.

दोन भाषांचं ओझं मुलाला झेपेल का, ही शंका बऱ्याच आया विचारतात. उत्तर आपल्या किनाऱ्यावरच आहे. कोर्लईला जा. किल्ल्याच्या पायथ्याशी राहणाऱ्या ख्रिस्ती कुटुंबांत आजही पोर्तुगीजमधून घडलेली बोली बोलतात. पोर्तुगीज १७४० मध्ये इथून गेले. त्या बोलीची शाळा नाही. तरी ती टिकली, कारण आया मुलांशी तीच बोलत राहिल्या. तिथली मुलं घरात ती बोलतात, शाळेत मराठी शिकतात आणि पुढे इंग्रजीही. मुलाला भाषांचं ओझं होत नाही. त्याच्याशी कोणी बोललंच नाही, तर मात्र होतं.

म्हणून घरी बोला. आगरी बोलत असाल तर आगरीत बोला, कोळी बोलीत बोला, कातकरीत बोला, कोकणी मुसलमानांच्या बोलीत बोला. ‘शुद्ध बोल’ म्हणून पोराचं तोंड गप्प करू नका. ज्याला घरच्या बोलीत गोष्ट सांगता येते, त्याला पुस्तकातली मराठी लवकर येते आणि तिच्या आधाराने इंग्रजीही. तुम्हाला इंग्रजी येत नाही, याची लाज बाळगू नका. बाजारात बसताना मूल जवळ असलं की विचारा, पन्नासाचा एक वाटा, चार वाट्यांचे किती? आधी मराठीत सांगू दे, मग शाळेत शिकवलंय तसं इंग्रजीत. झाला अभ्यास. संध्याकाळी एक पान मोठ्याने वाचायला लावा. तुम्ही फक्त ऐका.

पण हे सगळं मूल शाळेत गेलं तर. आपल्याकडे पावसाळ्यात हजेरी गळते. जिल्हाधिकाऱ्यांनी सुट्टी दिली असेल, साकवावरून पाणी जात असेल, तर मुलाला अजिबात पाठवू नका. उधाणाच्या वेळी खाडीकाठची वाट धरू देऊ नका. जिवापेक्षा हजेरी मोठी नाही. मात्र नुसती रिपरिप आहे म्हणून, धाकट्याला सांभाळायचं आहे म्हणून, मासळी निवडायला हात हवा म्हणून मुलीला घरी ठेवू नका. एक दिवस चुकला की तिचा धडा चुकतो. आठ दिवस चुकले की ती मागे पडते. महिना गेला की तिला शाळाच नको वाटते.

दिवाळीनंतर वीटभट्टीवर किंवा कोळशाच्या भट्टीवर जाणाऱ्या भावांनो, बहिणींनो, तुम्हाला हात जोडून विनंती आहे. निघण्याआधी शाळेत कळवा. मुलाचं शिक्षण हमी कार्ड मागून घ्या. जिथे जाल तिथल्या शाळेत ते दाखवा आणि मुलाला वर्गात बसवा. आजी-आजोबा गावात राहणार असतील तर पोराला त्यांच्याजवळ ठेवता येतं का, बघा. आणि शेजाऱ्यांनो, तुमच्या वाडीतलं एखादं पोर शाळेत दिसलं नाही, तर दुसऱ्या दिवशी त्याच्या घरी जा. विचारा. सोबत घेऊन या.

गणपतीला गावी येणाऱ्या चाकरमान्यांनो, तुम्हीही ऐका. मुलं कमी झाली हे खरं आहे. निम्म्या घरांना कुलपं आहेत. तरुण जोडपी पनवेलला, विरारला गेली. त्याचा दोष कुणाला द्यायचा? पण ज्या शाळेत तुम्ही बाराखडी शिकलात, तिच्या पायरीवर या वेळी दहा मिनिटं थांबा. मुख्याध्यापकांना विचारा, काय कमी आहे. कुणाला वाचनालयाची पुस्तकं देता येतील, कुणाला एखाद्या मुलाच्या आधारची धावपळ करता येईल, कुणाला आठवड्यातून एकदा फोनवर इंग्रजी बोलायचा सराव घेता येईल. जे जमेल ते बोलून जा आणि केल्याशिवाय राहू नका.

३ जून २०२० आठवा. निसर्ग चक्रीवादळ याच किनाऱ्यावर चढलं. श्रीवर्धनच्या, मुरुडच्या, अलिबागच्या घरांची छपरं उडाली, माड-पोफळी आडव्या झाल्या, शाळांचे पत्रेही गेले. वादळाचा इशारा आला की समुद्राकाठच्या माणसांना हलवायचं कुठे? बहुतेक गावांत पक्की, मोठी, सगळ्यांची अशी एकच इमारत असते, ती शाळेची. मुलं गेली की तिला कुलूप लागतं. कुलूप लागलं की कौलं फुटतात, भिंती ओल धरतात. मग पुढच्या वादळात गाव जाणार कुठे?

मराठीवर आपलं प्रेम किती आहे, हे आपण दाखवलंच आहे. ३ ऑक्टोबर २०२४ ला मराठीला अभिजात भाषेचा दर्जा मिळाला, आपण पेढे वाटले. पहिलीपासून हिंदी आणायचं ठरलं तेव्हा राज्यभर आवाज उठला आणि २९ जून २०२५ ला सरकारने ते निर्णय मागे घेतले. तोच आवाज आता आपल्या आळीत उठू द्या. भाषा वाचवायला मुंबईला जायची गरज नाही. आपल्या आळीतल्या शाळेत पहिलीला चार मुलं आहेत, ती पाच करा. शेजारी उर्दू शाळा असेल तर तिचाही पट असाच गळतो आहे. तिथल्या पालकांशीही बोला. दोन्ही शाळा आपल्याच आहेत.

आता वेळ थोडा आहे आणि कामं नेमकी आहेत. या आठवड्यात शाळेत जाऊन पटावरचं नाव आणि आधार तपासा. गणपतीच्या आधी दुरुस्ती करून घ्या. पुढच्या समितीच्या बैठकीला हजर राहा. पाऊस फार नसेल तर मुलाला रोज पाठवा. आपल्या आळीतलं शाळेबाहेरचं एक तरी मूल हाताला धरून आणा. सहा वर्षांचं होऊनही नाव न घातलेलं पोर ओळखीत असेल, तर त्याच्या आईला आजच सांगा.

उद्या सकाळी प्रार्थनेच्या घंटेला शाळेत भेटू. एकटे येऊ नका, शेजारणीलाही घेऊन या.