ताबा मुलाचा की मालमत्तेचा?

जमिनीचा ताबा असतो, गाळ्याचा ताबा असतो, जप्त केलेल्या मालाचाही ताबा असतो. आपल्या न्यायालयांच्या भाषेत मुलाचाही ‘ताबा’च असतो! घटस्फोटाच्या दाव्यात तो पती-पत्नींपैकी एकाच्या पदरात पडतो. दुसऱ्याच्या वाट्याला महिन्यातील काही ठरावीक तास येतात. कालपर्यंत आजोबांच्या बोटाला धरून देवळात जाणाऱ्या मुलाला आज न्यायालयाच्या आवारातील खोलीत, घड्याळाच्या साक्षीने, स्वतःच्याच बापाला ‘भेटावे’ लागते. कुटुंबाला समाजाचा पाया मानणाऱ्या देशात हे मुकाट्याने चालावे, याची खंत कोणाला आहे काय?

या विषयातील मूळ कायदा आजही १८९० चा, म्हणजे व्हिक्टोरिया राणीच्या राजवटीतील पालक व पाल्य अधिनियम हाच आहे. स्वतंत्र भारताच्या संसदेने १९५६ मध्ये हिंदू अज्ञानत्व व पालकत्व अधिनियम केला. परंतु त्याच्या कलम ६ नेही पित्याला नैसर्गिक पालक ठरविले आणि मातेला ‘त्याच्यानंतर’चे स्थान दिले. ‘त्याच्यानंतर’ म्हणजे केवळ त्याच्या मृत्यूनंतर नव्हे, तर त्याच्या अनुपस्थितीतही, असा अर्थ लावून मातेची बूज राखण्यासाठी १९९९ मध्ये गीता हरिहरन खटल्यात सर्वोच्च न्यायालयाला पुढे यावे लागले. कलम १३ मुलाचे हित सर्वोपरी मानते; मात्र विभक्त माता-पित्यांनी ते मिळून कसे सांभाळावे, याविषयी अधिनियम मौनच पाळतो.

हे मौन तोडण्याचा प्रयत्न झाला होता. मे २०१५ मध्ये न्या. ए. पी. शहा यांच्या अध्यक्षतेखालील विधी आयोगाने आपल्या २५७ व्या अहवालात माता-पित्यांना पालकत्वाचे समान स्थान द्यावे, मुलाच्या हिताचे असेल तेथे संयुक्त ताब्याचा मार्ग खुला करावा, आजी-आजोबांच्या सहवासाचाही विचार व्हावा, अशी भूमिका घेतली. दशक उलटले, कलम ६ जागचे हललेले नाही. आई-वडील दोघांचे प्रेम हा मुलाचा मूलभूत मानवी हक्क आहे, असे सर्वोच्च न्यायालयाने २०२० मध्ये यशिता साहू प्रकरणात सांगितले. तो हक्क कायद्याच्या शब्दांत उतरविण्याचे काम संसदेचे आहे.

संयुक्त पालकत्व हे अत्याचारी नवऱ्याच्या हातचे नवे हत्यार ठरेल, असा आक्षेप स्त्री संघटना घेतात. तो निराधार नाही. जेथे मारहाण आहे, तेथे आई आणि मूल यांची सुरक्षितता प्रथम. त्यात तडजोड नाही. पोटगी वाचविण्यासाठी पितृप्रेमाचा उमाळा आणणाऱ्यांनाही या मागणीच्या आडोशाला थारा मिळता कामा नये. पण अपवादासाठी नियमच नाकारायचा, तर निरपराध बापाची, मुलाला दुरावलेल्या आईची आणि दोन्हीकडच्या वृद्धांची दाद कोणाकडे?

तथापि कायद्याकडे बोट दाखवून समाजाची सुटका होत नाही. ‘पाश्चात्त्य व्यक्तिवादाने घरे मोडली’ असे व्यासपीठावरून म्हणणे सोपे आहे. ‘तुझ्या बापाचे नाव या घरात काढायचे नाही’ असे नातवाला बजावणारी माणसे कोठल्या परदेशातून येतात? ती आपल्याच घरांत, देवघरात सांजवात लावून हे सांगत असतात. लव-कुश पित्यापासून दूर, वाल्मीकींच्या आश्रमात वाढले. सीतेवर झालेला अन्याय लहान नव्हता. तरी त्या मुलांच्या मुखी महर्षींनी दिले ते रामचरित्रच, पित्याविषयीचे विष नव्हे. ज्या समाजाच्या स्मृतीत ही कथा आहे, त्याने आपल्या मुलांना सूडाचे साधन करावे, हे लांच्छनास्पद आहे.

संसदेने २५७ वा अहवाल पुन्हा हाती घ्यावा. घटनेच्या अनुच्छेद ४४ चे स्मरण ठेवून तो हक्क कोणत्याही धर्मात जन्मलेल्या मुलाला सारखाच द्यावा. कारण दुरावलेल्या आई-बापांसाठी झुरणाऱ्या मुलाचे दुःख धर्मागणिक बदलत नाही. आणि तोपर्यंत? विभक्त झालेल्या प्रत्येक घराने निदान सणावारी दुसऱ्या घराचे दार मुलासाठी उघडे ठेवावे. त्यासाठी कोणत्याही अधिनियमाची वाट पाहावी लागत नाही.