मुरुमांसाठी लंघन : तासांपेक्षा आहार महत्त्वाचा

सांप्रत चिकित्सालयात येणारे तरुण रुग्ण औषधाआधी एक प्रश्न विचारतात : सोळा तास उपाशी राहिल्यास चेहऱ्याचा तेलकटपणा जाईल काय ? दिवंगत डॉ. श्रीकांत जिचकार यांच्या विचारांतून स्फूर्ती घेऊन डॉ. जगन्नाथ दीक्षित यांनी घरोघरी पोहोचविलेली दोन वेळा जेवणाची पद्धती महाराष्ट्रास परिचित आहे. तिचा रोख स्थौल्य व मधुमेहावर होता. आता मुरुमांवरही तिच्याकडून गुणाची अपेक्षा केली जाते.

ही अपेक्षा सर्वस्वी निराधार नाही. रक्तशर्करा वेगाने वाढविणाऱ्या आहाराने इन्सुलिन वाढते, आयजीएफ-१ ची क्रिया बळावते आणि त्वचेतील तैलग्रंथी अधिक स्रवू लागतात. २००७ साली प्रसिद्ध झालेल्या ऑस्ट्रेलियातील चाचणीत ४३ तरुण पुरुष होते. त्यांपैकी ज्यांनी १२ आठवडे शर्करा मंदगतीने वाढविणारा आहार घेतला, त्यांचे मुरूम दुसऱ्या गटापेक्षा अधिक घटले. मात्र तेथे बदलला होता तो आहार, उपवासाचे तास नव्हेत. तासांच्या बाजूने असलेला पुरावा अद्याप तोकडाच आहे.

सुश्रुताचार्यांनी मुखदूषिकेस क्षुद्ररोगांत स्थान देऊन कफ, वात व रक्त ही कारणे सांगितली. चरकोक्त दशविध लंघनांत उपवास हा केवळ एक प्रकार होय. अध्यशन करणाऱ्या, मंदाग्नी व कफप्रधान रुग्णास तो उपकारक ठरेल. कृश व वातप्रधान रुग्णास बाधेल. शिवाय साबुदाण्याची खिचडी, बटाट्याचा चिवडा आणि गोड चहा यांवर काढलेला दिवस लंघन म्हणवत नाही. सोळा तासांनंतर मिसळ-पाव व जिलेबी यांवर तुटून पडणे, हेही नव्हे.

शिरोली एमआयडीसीतील कामगारांबाबत अधिक सावधता हवी. येथील फौंड्रीत भट्टीच्या उष्णतेत घाम गाळणाऱ्यास निर्जल उपवास सांगणे धोक्याचे आहे. पाळी बदलली की जेवणाची वेळ बदलते. घड्याळ पाहून दिलेला सल्ला तेथे विषमाशनच घडवितो. मशीनशॉपमधील कामगाराच्या हातांवर व मांड्यांवर पुटकुळ्या दिसल्यास कटिंग ऑईलचा संशय प्रथम घ्यावा. तेथे तेलाने भिजलेले कपडे बदलणे व त्वचा वेळीच धुणे हीच निदानपरिवर्जनाची वाट होय. उपवासाने ते साधणार नाही.

म्हणून आमचे आग्रहाचे सांगणे असे : उपवास सांगण्यापूर्वी अग्नी, प्रकृती, पाळी, व्यवसाय व चालू औषधे विचारावीत. मधुमेहाची औषधे घेणारे व गर्भिणी यांना परस्पर उपवास सांगू नये. मुरुमांसोबत मासिक पाळी अनियमित असल्यास तपासणी करवावी. औषधालयाच्या चालकांनीही चूर्णाच्या डबीसोबत उपवासाचा सल्ला वाटू नये. लंघन ही चिकित्सा आहे. ती रुग्ण पाहूनच द्यावयाची असते.