ब्रेक ओरडतो तेव्हा

दसऱ्याला घरातली सायकल धुऊनपुसून, हार घालून पुजली जाते आणि दिवाळी येईतो तिचा ब्रेक किंचाळू लागतो. यात नवल नाही. तेलपाण्याच्या उत्साहात चार थेंब रिमवर उडतात आणि ब्रेकच्या रबरात मुरतात. मग कोणी शहाणा सुचवतो, ‘रिमलाच जरा तेल लावा की!’ आवाज बंद होतो हे खरे. पण ब्रेकही बंद होतो, आणि ते कळते उतारावर.

म्हणून मी म्हणतो, आवाज थांबवण्याआधी तो नीट ऐकावा. शिट्टीसारखा चीत्कार असेल तर घाबरू नका. रबर रिमला धरते, सोडते, पुन्हा धरते. हे सेकंदाला शेकडो वेळा होऊन सारा ब्रेक थरथरतो. फळ्यावर खडू किंचाळतो तो असाच. रिम स्पिरिटने पुसा. रबराचा चकाकणारा थर काचकागदाने घासा. ब्रेक डुगडुगत असेल तर त्याचे नट आवळा. एवढ्याने न भागल्यास रबर किंचित तिरके बसवा : सायकलच्या पुढच्या अंगाचे टोक रिमला आधी टेकावे, मागे मिलिमीटरभर फट राहावी. मागच्या टोकाखाली दुमडलेले पोस्टकार्ड ठेवून नट आवळला की काम झाले. (जुन्या दांडीच्या ब्रेकचे रबर रिमला आतून दाबते, तिथे ही युक्ती चालत नाही.)

चाकाच्या दर फेऱ्याला एकदाच ‘टक्’ होत असेल, तर ब्रेकला बोल लावू नका. रिमला पोचा असेल, नाहीतर चाक आऊट असेल. ते सायकलवाल्याचे काम.

खरी भीती खरखरीची. रबरात खडा किंवा धातूचा कण रुतला असेल, तर टाचणीने निघतो. पण रबर झिजून आतले लोखंडच रिमला घासत असेल, तर ती सायकल बाहेर काढू नये. मुले याची तक्रार करीत नाहीत. त्यांना तो आवाज फटफटीसारखा वाटतो! तेव्हा आपणच वाकून पाहावे.

नवे रबर दोन्ही बाजूंना एकदमच घाला. पत्र्याच्या खोबणीतले रबर असेल, तर खोबणीची बंद बाजू पुढे हवी. उलट बसवले तर जोराने ब्रेक दाबताच ते पुढे सरकून रस्त्यावर पडते.