माइक शेजारच्याच्या हाती द्या

हौशी रेडिओ चालक, बचाव पथके आणि ताफ्याने घाटवाटांना निघणाऱ्या सर्वांना आवाहन

माळशेज किंवा ताम्हिणी घाटात मोबाइलची रेंज गेली की वायरलेसचाच आधार उरतो. म्हणून गाडीत संच जरूर ठेवा. मात्र गाडी चालू असताना चालकाने त्यावर बोलू नये, एवढीच विनंती आहे. ताशी 60 किलोमीटर वेगाने गाडी सेकंदाला सुमारे 17 मीटर कापते. चॅनेल बदलायला दोन सेकंद नजर खाली गेली, तर 33 मीटर रस्ता न पाहताच मागे पडतो. शिवाय प्रश्न नुसत्या हाताचा नाही. अमेरिकेतील स्ट्रेयर आणि जॉन्स्टन यांच्या 2001च्या प्रयोगात फोन हातात धरलेला असो वा हँड्सफ्री, बोलणाऱ्यांकडून सिग्नल निसटण्याचे प्रमाण दुप्पट झाले. नुसता रेडिओ ऐकणाऱ्यांवर तसा परिणाम दिसला नाही. लक्ष खाते ते उत्तर जुळवणे.

यावर कोणी म्हणेल, वायरलेसवरचे बोलणे फोनसारखे लांबत नाही. ब्रिटनने तर 2003च्या मोबाइलबंदीतून टू-वे रेडिओ वगळला. बोलणे त्रोटक असते हे मान्य, पण वळणावर तेवढेही महागात पडते. आणि ब्रिटनची सवलत इथे लागू नाही. 2019च्या दुरुस्तीनंतर मोटार वाहन कायद्याच्या कलम 184मध्ये नुसता मोबाइल नाही, तर हातात धरायची संपर्कसाधने असा उल्लेख आहे. पहिल्याच गुन्ह्याला 1000 ते 5000 रुपये दंड, सहा महिने ते एक वर्ष कैद किंवा दोन्ही होऊ शकते. मग तातडीचा निरोप आला तर? वायरलेसवर उत्तराला उशीर झाला म्हणून कोणी रागावत नाही. गाडी सुरक्षित जागी बाजूला घ्यावी, मग सविस्तर बोलावे. निरोप खरोखर तातडीचा असेल, तर तो नीट ऐकून नीट सांगण्यासाठीही थांबणेच बरे.

संच घट्ट बसवा, पण एअरबॅगच्या वाटेत नको. अँटेना टपावर लावा. पत्र्याच्या आतून हातातल्या संचाचा आवाज क्षीण पोहोचतो आणि तेच वाक्य पुन्हा पुन्हा सांगावे लागते. चॅनेल निघण्यापूर्वीच लावून ठेवा. ताफ्याच्या यादीत प्रत्येक चालकाच्या नावापुढे माइक सांभाळणाऱ्याचेही नाव लिहा. ज्या गाडीपुढे ते नसेल, तिला चालत्या रस्त्यावर उत्तर मागू नका. थांब्यावर पोहोचल्यावरच विचारा.